पद्मिनीची दोन चाकं जाम, ब्रेकचा ड्रम निघत नाही. फोडायचा नाहीये, कसा काढू?

सहकारनगर_पद्मिनी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. घरात मात्र तिला सगळे फियाटच म्हणतात. बाबांनी नवी घेतली तेव्हा मी तिसरीत होते. रविवारी सकाळी ते गाडीखाली आणि मी शेजारी गोणपाटावर पाने मांडून बसलेली. "तेराचा दे", "आता सतराचा". पाने ओळखायला मी पाढ्यांच्या आधी शिकले असेन.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं. गाडी खाली पार्किंगमध्ये होती. पाणी चाकांच्या वरपर्यंत चढलं, पहाटे उतरलं आणि सगळीकडे चिकट काळा गाळ सोडून गेलं. आम्ही गाडी धुतली, सीट काढून उन्हात टाकल्या, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल बदललं. ब्रेक उघडून बघायचं कुणालाच सुचलं नाही. पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन, त्यानंतर बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. गाडी ताडपत्रीखाली राहिली ती राहिलीच.

येत्या माघात बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्यांनी आजवर स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. या वेळी म्हणाले, "थेऊरला जाऊन चिंतामणीचं दर्शन घेऊ, पण आपल्या गाडीतून."

इंजिन चालू झालंय. नवी बॅटरी, टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, की दुसऱ्या दिवशी लागलं. पण पहिला गिअर टाकून क्लच सोडला तर मागचं डावं चाक फिरत नाही, नुसतं फरपटतं. फरशीवर काळा पट्टा उमटलाय. पुढचं उजवं जॅकवर हाताने फिरतं, पण दोन्ही हात लावावे लागतात. बाकीची दोन मोकळी आहेत. पेडल अर्ध्यावर कडक लागतं.

जवळच्या एका गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने मागच्या ड्रमच्या (चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं भांडं) कडेवर घणाचे पाच-सहा घाव घातले. नखाएवढा टवका उडाला, ड्रम जागचा हलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, भंगारात द्या, चांगला भाव आणून देतो." बाबा गॅलरीतून बघत होते. ते काही न बोलता आत गेले.

ड्रम न फोडता कसा काढायचा? टवका उडालेला ड्रम आता वापरता येईल का? आणि पुढे डिस्क ब्रेक बसवून घ्यावेत असं काही जण सुचवतायत, ते करावं का? हात काळे करायची माझी तयारी आहे, फक्त कुणीतरी नीट सांगा.

घाटरस्ता

पहिल्यात टाकून, मग रिव्हर्समध्ये, असे आठ-दहा झटके द्या. पावसाळ्यात आठवडाभर गाडी उभी होती तेव्हा माझे ब्रेक असेच चिकटले होते. खट् आवाज आला आणि सुटले.

नाना_पेठ_गॅरेज

ताई, झटके अजिबात देऊ नका. आठवडाभर उभ्या गाडीचा गंज वरवरचा असतो, तो झटक्याने सुटतो. इथे पुराचा गाळ आहे आणि त्यावर इतक्या वर्षांचा गंज. ड्रमच्या आत ब्रेक मारताना बाहेर येऊन घासणारे शू असतात आणि त्यांच्यावर लायनरची पट्टी. झटका दिलात तर ते लायनर शूवरून उखडून ड्रम आणि शूच्या मध्ये आडवं अडकेल. मग खरोखरच ड्रम फोडायची वेळ येईल.

मी ३८ वर्षं फियाट उघडतोय. नाना पेठेत उमेदवारीला लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं उस्तादांनी मला फक्त ब्रेक दिले. ते म्हणायचे, इंजिन बंद पडलं तर गिऱ्हाईक पायी घरी येतं, ब्रेक गेला तर येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो, घाई करू नका.

हातोडी उचलायच्या आधी एक गोष्ट ठरवायची: चाक तेलाच्या दाबाने धरलंय की गंजाने? दोन्ही आजार बाहेरून सारखेच दिसतात, औषधं मात्र पूर्ण वेगळी. त्या गॅरेजवाल्याने हे बघितलंच नाही, थेट घण उचलला.

गाडी सपाट जागी घ्या, मोकळ्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रलला. जॅकने उचलून एक्सलखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. मग चाकाच्या मागच्या बाजूला, बॅक प्लेटवर हवा काढायचं निपल असतं ते अर्धा आटा सैल करा. निपल गंजलेलं असेल तर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवा आणि रिंग पानाच वापरा, नाहीतर डोकं गोल होईल.

निपल उघडल्यावर तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर आत दाब अडकून बसला होता. काहीच फरक पडला नाही, तर शू ड्रमला धरलाय किंवा व्हील सिलिंडरचा (तेलाच्या दाबाने शू बाहेर ढकलणारा) पिस्टन बाहेर येऊन तिथेच गंजलाय.

दाब अडकला असेल तर कुठे, तेही शोधता येतं. निपल बंद करा, पेडल एकदा दाबून सोडा, चाक पुन्हा धरेल. आता लोखंडी पाइप जिथे रबरी होजला जोडतो तो जोड थोडा सैल करा. चाक सुटलं तर दोष मागे, पेडलच्या जोराने तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे. नाही सुटलं तर होज आतून फुगलाय. जुन्या होजचं असंच असतं. बाहेरून ठणठणीत दिसतो, आतलं भोक सुईएवढं उरलेलं असतं. पायाच्या जोराने तेल पुढे जातं, पण शूच्या स्प्रिंगमध्ये ते परत ढकलायची ताकद नसते.

माझा अंदाज आत्ताच सांगतो. मास्टर सिलिंडर तेल परत घेत नसता तर चारही चाकं आवळली असती, कारण तुमच्या गाडीत चारही चाकांना तेल एकाच लाइनीतून जातं. मागचा होज बंद असता तर मागची दोन्ही धरली असती, कारण मागच्या एक्सलला होज एकच. म्हणजे पुढच्या उजव्याला होज आणि मागच्या डाव्याला निव्वळ गंज. तरी तपासून मला कळवा.

सहकारनगर_पद्मिनी

काका, आज तपासलं. पुढच्या उजव्याचं निपल सैल करताच चहासारखं काळपट तेल उडालं आणि चाक एका बोटाने फिरायला लागलं. होजचा जोड सैल केला तर मात्र नाही सुटलं. म्हणजे होजच. बाबांनी फळीवरून डायरी काढली. ते गाडीवरचं प्रत्येक काम लिहून ठेवतात. हे होज कधी बदलल्याची नोंदच नाही!

मागच्या डाव्याचं निपल उघडून काहीच झालं नाही. दोन थेंब गाळ आला.

नाना_पेठ_गॅरेज

छान केलंत. या चाकाचा होज बदला किंवा त्या चाकाचा बदला असं न करता सगळे बदलून टाका. एक गेला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे.

आता मागचा ड्रम. ड्रम बिडाचा असतो. बीड दाब सोसतं, कडेवरचा घाव सोसत नाही. म्हणून कडेला हातोडी लावायचीच नाही.

आधी बॅक प्लेटमागचा अ‍ॅडजस्टर पूर्ण सैल करा, शू आत येतील तेवढे येऊ द्या. वापराने ड्रममध्ये शूच्या जागी खड्डा पडतो आणि बाहेरच्या काठाला गंजाची धार उभी राहते. शू त्या धारेला अडकतो. पुष्कळ लोक ड्रम हबला चिकटलाय समजून ठोकत बसतात आणि अडलेलं असतं इथे. मग ड्रम धरून ठेवणारे स्क्रू काढा. साध्या पेचकसाने त्यांचे खाचे जातात. ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट पेचकस कुणाकडून तरी आणा.

ड्रमच्या मधल्या भोकातून हबचा गोल दिसतो, तिथल्या फटीत डिझेल सोडा. सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. चौथ्या दिवशी ड्रमच्या तोंडावर, चाकाच्या बोल्टांच्या दोन भोकांच्या मध्ये, बाभळीचा ठोकळा ठेवून दोन पौंडी हातोडीने मारा. एका जागी चार घाव, मग पुढची जागा, असं गोल गोल. ड्रम तुटेल असा घाव नको, ड्रम थरथरला पाहिजे. गंज थरथरण्याने सुटतो. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतील तर त्यांत बोल्ट घालून एक पाव फेरा हा, एक पाव फेरा तो, असे सारखे आवळत जा. एकच बोल्ट आवळलात तर ड्रम तिरपा होऊन आणखी घट्ट बसेल.

गॅसच्या ज्योतीने शेकायचा उपाय मी जाणूनबुजून सांगत नाही. तिथे डिझेल आहे, ब्रेक ऑइल आहे, बेअरिंगचं ग्रीस आहे आणि मागेच पेट्रोलची टाकी. पार्किंगमध्ये तो खेळ नको.

आणि हे लक्षात ठेवाच. ड्रम निघाला की आत काळी-करडी धूळ दिसेल. ती फुंकायची नाही, कॉम्प्रेसरने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. साबणाच्या पाण्याने भिजवून, ओल्या फडक्याने पुसून, ते फडकं पिशवीत बांधून टाका. तोंडाला मास्क हवाच. आम्ही तरुणपणी रोज हवा मारायचो. माझ्या उस्तादांना शेवटची वर्षं जिना चढवत नव्हता.

लेथ_भोसरी

टवका उडालेल्या ड्रमबद्दल. ड्रम दोरीला टांगा आणि पान्याने हलकेच टोला द्या. देवळातल्या घंटेसारखा लांबत जाणारा नाद आला तर अंग साबूत आहे. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर चीर गेलीय, तो ड्रम फेकायचा. बिडाच्या ड्रमला वेल्डिंग करून देतो असं कुणी म्हणालं तर तिथून निघून या.

टवका फक्त बाहेरच्या ओठाचा असेल आणि शू जिथे घासतो ती पट्टी शाबूत असेल तर लेथवर साफ करता येतो. पण एका एक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाला घ्या, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढेल. आणि मिस्तरीला सांगा, गंजाचे खड्डे जातील इतकंच काढायचं. पातळ ड्रम लवकर तापतो.

सहकारनगर_पद्मिनी

निघाला! पाचव्या दिवशी, संध्याकाळी. ठोकळ्यावरचा घाव कितवा होता माहीत नाही, पण आवाज एकदम बदलला. टण् ऐवजी ठप्प. बाबा खुर्ची टाकून बसले होते, ते आधी म्हणाले, "सुटला." ड्रमवर हात ठेवला तर खरंच हलत होता. मग डावीकडे-उजवीकडे डोलवत डोलवत, धारेला अडकलेल्या शूंवरून ड्रम ओढून काढला.

आत ओढ्याचा गाळ विटेसारखा घट्ट बसला होता. एका शूचं लायनर ड्रमलाच चिकटून राहिलं. एक स्प्रिंग तुटलेली. व्हील सिलिंडरचे दोन्ही पिस्टन दगड झालेत. ड्रम टांगून वाजवला, नाद लांबपर्यंत घुमला. बाबांनी तीनदा वाजवायला लावला.

सिलिंडर पॉलिश पेपरने घासून वापरू का, नवे घेऊ?

नाना_पेठ_गॅरेज

सिलिंडरच्या आत नख फिरवा. नख अडलं तर खड्डा आहे आणि तिथून पिस्टनचा रबर कप महिनाभरात गळणार. नवाच घ्या. नुसता डाग असेल तर झिरो नंबरच्या पेपरने साफ होतो. तुमचं वर्णन ऐकून सांगतो, मागचे दोन्ही नवे घ्या, पुढचे उघडून बघा. मोकळी फिरतात म्हणून बाकीची दोन चाकं सोडून देऊ नका. पाणी चारही ड्रममध्ये शिरलं होतं. चाक सुटणं हे निम्मंच काम आहे. तुमचे वडील आत बसणार आहेत.

मास्टर सिलिंडरसुद्धा उघडा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. कोरडं डॉट ३ ब्रेक ऑइल दोनशे पाच अंशांच्या आत उकळत नाही, पण पाणी मुरलं की हा आकडा एकशे चाळीसपर्यंत उतरू शकतो. दिवे घाट उतरताना ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. शिवाय तेच पाणी सिलिंडर आतून खातं. म्हणून गाडी चालो न चालो, दोन वर्षांनी ऑइल बदलायचं.

रबर कप पेट्रोलने किंवा डिझेलने धुवायचे नाहीत, ग्रीस लावायचं नाही. फुगतात. नव्या ब्रेक ऑइलमध्येच बुडवून बसवा. ते ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो.

सुटे भाग आत्ताच घेऊन ठेवा. इतकी वर्षं मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे पद्मिनीचं सामान भरपूर निघायचं. त्यातली शेवटची पद्मिनी २००३ साली नोंदली गेली होती, २० वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. आता दुकानदार जुना साठा संपला की नवा भरत नाहीत. नाना पेठेत दुकानं फिरताना जुना सिलिंडर आणि शू पिशवीत न्या, काउंटरवर शेजारी ठेवून माप जुळवा. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी ड्रम मिळतो कधीकधी, पण तिथून रबराची वस्तू घेऊ नका.

नवे लायनर बसवताना शूवर शाळेतल्या खडूने रेघा मारा, ड्रम चढवून हाताने फिरवा, परत काढा. खडू जिथे पुसला गेला तिथेच लायनर टेकतंय. फक्त टोकाला पुसला असेल तर तिथे कानस मारून पुन्हा बघा. मधला बराचसा भाग पुसला गेला पाहिजे.

डिस्कचं विचारलंत. माझं मत, नको. हब, मास्टर सिलिंडर, चाकांची मापं, सगळंच बदलावं लागतं आणि पुढचा-मागचा तोल बिघडतो. नीट जुळवलेले ड्रम या गाडीच्या वजनाला आणि वेगाला पुरतात. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून चालवा.

घाटरस्ता

काका, माझा सल्ला मागे घेतो. ब्रेकच्या लाइनीतली हवा काढताना कुठल्या चाकापासून सुरुवात करायची तेही लिहून ठेवा, मलाही लागेल.

नाना_पेठ_गॅरेज

मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं आधी. आपल्याकडे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. जुना मास्टर सिलिंडर ठेवला असेल तर पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. रोजच्या वापरात कप जिथपर्यंत कधी जात नाही तिथे गंज असतो. पेडल तळापर्यंत दाबलं की कप त्यावर जाऊन फाटतो. चांगला ब्रेक हवा काढतानाच गेलेला मी कितीदा पाहिलाय.

सहकारनगर_पद्मिनी

सात आठवडे लागले, शनिवार-रविवार धरून. चारही चाकं उघडली. मागचे दोन्ही आणि पुढचा एक सिलिंडर नवे, सगळे होज नवे, मास्टर सिलिंडरला नवं किट. शूंवर नवी लायनर मारून घेतली. मागचे दोन्ही ड्रम भोसरीत एकाच मापाला उतरवले, टवक्याची जागा गोल करून दिली. खडू मी शाळेतूनच आणला, मी गणित शिकवते.

हवा काढायला पेडलवर बाबा बसले. ऑपरेशनचा पाय डावा, त्यामुळे त्यांनी हट्टच धरला. मी मागच्या चाकाशी झोपून "दाबा" म्हणायचे, ते "दाबलं" म्हणायचे, "सोडा", "सोडलं". चाळीस वर्षांपूर्वी हुकूम त्यांचे होते. आधी नळीतून काळं आलं, मग बुडबुडे, मग मधासारखं स्वच्छ ऑइल. शेवटच्या चाकानंतर त्यांनी पेडल तीनदा दाबून बघितलं आणि म्हणाले, "दगड."

पहिल्यांदा पार्किंगमध्येच पुढे-मागे केली. मग सकाळी सहाला, रिकाम्या रस्त्यावर, तळजईच्या चढाने वर नेली आणि दुसऱ्या गिअरमध्ये खाली आणली. तिसऱ्या वेळेला किंचित डावीकडे ओढते असं वाटलं. काका, तुम्ही फोटो बघून पुढच्या उजव्याचा अ‍ॅडजस्टर जरा आवळायला सांगितलात, ते केल्यावर सरळ थांबायला लागली.

काल थेऊरला जाऊन आलो. सोलापूर रस्त्याने, हडपसर आणि लोणी काळभोर मागे टाकून फाट्याला डावीकडे. जाताना मी चालवली. देवळाबाहेर उतरल्यावर बाबा आधी दर्शनाला गेलेच नाहीत. काठी टेकत गाडीभोवती फिरले आणि चारही ड्रमजवळ हाताचा पंजा धरून बघितला. तीन सारखे कोमट, मागचं डावं थोडं जास्त गरम. मी घोडी आणली नव्हती, म्हणून तिथे काही केलं नाही. सावकाश परत आलो.

आज सकाळी अ‍ॅडजस्टर थोडा मागे घेतला. त्यांनी डायरीत तारीख घातली, किलोमीटर लिहिले आणि खाली "मा. डावे, पाव फेरा सैल" असं लिहून पान माझ्यापुढे सही करायला सरकवलं.